चक्कर गेली, तोल मात्र जातो. २००० रुपयांत काय करता येईल?

मिरजकर:
आईचं वय ६८. उजव्या कुशीवर वळली की खोली गरगरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी उजव्या कानातले कण सरकल्याचं सांगून एपली केलं, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर नेले. गरगर गेली, पण चालताना एका बाजूला ओढल्यासारखं होतं, अंधारात जास्त. फिजिओकडे जा म्हणालेत. बजेट सगळं मिळून २०००. बॅलन्स बोर्ड ऑनलाइन ९०० ला आहे. तो आणून घरीच व्यायाम केले तर?

कृष्णाकाठ:
आधी व्हीएनजी करून घ्या. कॅमेऱ्याचा चष्मा लावून बुबुळांची हालचाल टिपतात. नक्की कुठला कान, किती कमजोर, सगळं कळतं.

स्पष्टवक्ता:
२००० लिहिलंय हो त्यांनी. डिक्स-हॉलपाइकमध्ये (डोकं वळवून झटकन आडवं करतात ती तपासणी) निदान झालं, एपलीने गरगर थांबली. आता व्हीएनजी कशाला? ऐकू कमी येत असेल किंवा एपली पुन्हा करूनही गुण नसेल तर बघता येईल.

डोलकर:
मानेचा एक्स-रे काढला का? या वयात चक्कर मणक्यांचीच असते. पट्टा लावा.

फिजिओताई:
पट्टा अजिबात नको. साठीनंतर कुणाचाही एक्स-रे काढा, मणके झिजलेले दिसतात. म्हणून चक्कर मानेची होत नाही. पट्ट्याने डोकं हलायचं थांबतं आणि डोकं हलल्याशिवाय मेंदू जुळवून घ्यायला शिकत नाही.

बोर्डही नको. ६८ व्या वर्षी पाय घसरला तर खुब्याचं हाड. भिंतीचा कोपरा फुकट आहे. कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, पुढ्यात जड खुर्ची, तिची पाठ आपल्याकडे. अनवाणी. पाय जुळवून ३० सेकंद. हात न टेकता जमलं की तेच डोळे मिटून. तेही जमलं की एक पाय अर्धा पुढे. फोमच्या मऊ गादीवर उभं राहणं त्यानंतर. फोमवर डोळे मिटले की नजर जाते, तळव्यांचा अंदाजही कच्चा होतो, मग तोल कानाला सांभाळावा लागतो. पहिल्याच दिवशी फोम दिला की माणूस घाबरतो आणि व्यायामच सोडतो. ही सगळ्यात नेहमीची चूक. शेजारी कुणीतरी उभं हवंच.

तिखटमीठ:
बोर्ड नको +१. एपलीनंतर दोन दिवस बसून झोपायला लावलं होतं ना? नाहीतर कण परत सरकतात.

स्पष्टवक्ता:
तो जुना सल्ला. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत अशी बंधनं घालू नका असंच आहे.

तिखटमीठ:
अमेरिकेचं अमेरिकेत. बसून झोपल्याने बिघडतंय काय?

फिजिओताई:
मान आखडते, दुसरं काय. असो. नजरेचा व्यायाम राहिला. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला ठळक एक अक्षर चिकटवा, हातभर लांब. नजर अक्षरावर, डोकं डावी-उजवीकडे थोडंसंच, १ मिनिट, दिवसातून ३ वेळा. आधी बसून, मग उभ्याने. अक्षर स्पष्ट दिसेल तेवढाच वेग; पुसट झालं की हळू. थोडं गरगरायलाच हवं, पण १५-२० मिनिटांत शमायला हवं. तासभर टिकलं तर वेग जास्त झाला.

डोलकर:
रोज चक्करेची गोळी बीटाहिस्टिन घेतली की हे काही लागत नाही.

स्पष्टवक्ता:
गोळीने कण जागेवर जात नाहीत. मिरजकर, प्रोक्लोरपेराझिन अजून चालू आहे का बघा. ती उलटी-चक्करेच्या सुरुवातीच्या दिवसांपुरती. लांबली की मेंदूचं जुळवून घेणं रखडतं, वयस्कांत हात थरथरणं, चाल मंदावणं होऊ शकतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ:
आणि ड जीवनसत्त्व तपासा. कमी असेल तर हा त्रास उलटण्याची शक्यता वाढते. व्हीएनजीसोबतच होऊन जाईल.

फिजिओताई:
बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, तोंड वाकडं झालं किंवा अचानक उभंच राहता येईना, तर व्यायाम वगैरे विसरून थेट इस्पितळ.

मिरजकर:
सर्वांचे आभार. गोळी चालूच होती, उद्या डॉक्टरांना फोन करतो. कोपरा, अक्षर पटलं, पण आई माझं ऐकत नाही. दोन मिनिटांत "झालं रे" म्हणून उठते. घरी येणारे फिजिओ ठरवले, एका वेळचे ७००, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. बजेट गेलं. बोर्ड रद्द.

तिखटमीठ:
मग धागा कशाला काढला? ५६०० झाले की.

फिजिओताई:
पहिल्या दिवशी त्यांना डिक्स-हॉलपाइक दोन्ही बाजूंनी पुन्हा करायला सांगा. थोडे कण उरले असतील तर गरगर कमी आणि भरकटणं जास्त, असं दिसतं. तसं असेल तर आधी पुन्हा एपली, कोपरा नंतर. मान आखडलेली असेल तर डोकं पलंगाबाहेर लोंबकळू देऊ नका, खांद्याखाली उशी घेऊन करतात.