मदत हवी आहे : डीपीवर एक फेज पूर्ण, दोन अर्धे, बोअरची मोटार कशी वाचवावी?

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेला ज्या डीपीवरून वीज मिळते, तिथे ११ केव्हीचा दाब ४३३ व्होल्टवर आणणारा ६३ केव्हीएचा थ्री फेज ट्रान्सफॉर्मर आहे. वादळात ११ केव्हीच्या बाजूचा एखादा डीओ फ्यूज (ड्रॉप-आउट, म्हणजे उडाल्यावर खाली लोंबणारा फ्यूज) उडाला की न्यूट्रलपासून मोजल्यास एका फेजवर सुमारे २५० व्होल्ट, तर उरलेल्या दोघांवर सुमारे १२५ व्होल्ट मिळतात. फेज गेला असताना तिथे शून्य का येत नाही, याचा विचार करून जे समजले ते मांडतो. चूक असल्यास कृपया सांगावे.

प्लेटवर ‘डीवायएन ११’ असे लिहिले आहे, म्हणजे वरच्या दाबाची बाजू डेल्टा (तिन्ही वाइंडिंगे त्रिकोणात जोडलेली) आणि खालची स्टार (तिन्हींचे एकेक टोक न्यूट्रलला जोडलेले). डेल्टामध्ये प्रत्येक वाइंडिंग दोन फेजांच्या मध्ये असते. एक फेज तुटला की उरलेल्या दोन फेजांमधल्या वाइंडिंगला पूर्ण दाब मिळतो आणि बाकीची दोन वाइंडिंगे त्याच दाबावर एकामागे एक जोडली जाऊन तो निम्मा-निम्मा वाटून घेतात. गाभ्याकडून पाहिले तरी हेच उत्तर येते, कारण तीन खांबांच्या गाभ्यात तिन्ही चुंबकीय प्रवाहांची बेरीज शून्य असावी लागते. एका खांबातून वर गेलेला चुंबकीय प्रवाह उरलेल्या दोन खांबांतून वाटून परततो. मला ही रचना फार सुंदर वाटते.

मात्र मोटारीच्या दृष्टीने ही स्थिती घातक आहे. दोन्ही अर्धे दाब एकसारखे आणि पूर्ण दाबाच्या उलट असल्याने दोन अर्ध्या फेजांमध्ये शून्य, तर पूर्ण आणि अर्ध्या फेजांमध्ये सुमारे ३७५ व्होल्ट असतात. तिन्ही दाब एकाच रेषेत आल्यामुळे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही, मोटार नुसती गुणगुणते आणि तापते.

माझा खरा प्रश्न आधीपासून चालू असलेल्या मोटारीबद्दल आहे. ती थांबत नाही, जास्त करंट ओढत फिरत राहते, आणि फिरताना स्वतःच कमजोर फेजांवर दाब निर्माण करते. तसे असेल तर केवळ व्होल्टेज पाहणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटार बंद करणारे उपकरण) फसू शकतो का? तिन्ही तारांचा करंट पाहणारा प्रिव्हेंटर घेणे योग्य ठरेल का? मोटार १० एचपीची सबमर्सिबल असून स्टार-डेल्टा स्टार्टरवर आहे. आमच्या भागात बोअर इतके खोल गेले आहेत की जळालेली मोटार वर काढून पुन्हा सोडण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही जड जातात, आणि मे महिन्यात तेवढ्या अवधीत बाग ताण घेते.

शेजारचे काही शेतकरी कंडेन्सर लावून दोन फेजांवर मोटार चालवतात. वर सांगितलेल्या स्थितीत तो कंडेन्सर कोणत्या दोन तारांवर आहे यानुसार धोका बदलतो का, हेही जाणकारांनी स्पष्ट करावे.