विषय: बायबलातली माणसं मुलांना कशी सांगायची?

नमस्कार मंडळी,
सध्या सांगलीत माहेरी आले आहे, दोन्ही पोरं बरोबर आहेत. काल मिरजेत वानलेस हॉस्पिटलवरून जाताना धाकटीनं विचारलं, "वानलेस कोण?" म्हटलं, कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर, 1894 साली त्यांनी इथं दवाखाना उभा केला. "म्हणजे बायबलातले?" मोठा खो खो हसला, पण त्यालाही नोहाच्या तारवापुढे, म्हणजे महापुरात प्राणी वाचवणाऱ्या त्या मोठ्या नावेपुढे, काही सांगता येईना. बालवर्गात पुढच्या खेपेला हाच विषय आहे आणि तो मीच अंगावर घेतलाय. उपदेश नकोय, माणसं कळायला हवीत. कुणापासून सुरू करू?

———

ताई,
मी मिरजेच्याच ख्रिस्ती घरातला. नोहा राहू द्या, तारवात पोरांना फक्त प्राणी दिसतात. रूथ घ्या, आणि मराठी बायबलातूनच सांगा.

गोष्ट सासू-सुनेची आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, सासू नामी नवऱ्या-मुलांसह शेजारच्या मवाब देशात जाते. जत-आटपाडीकडची माणसं पोटासाठी बाहेर पडायची, तसंच. तिथं नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. एक सून माहेरी परतते. दुसरी, मवाबातलीच रूथ, सासूला सोडत नाही, तिच्या गावी येते आणि सातूच्या कापणीत सरवा वेचू लागते.

सरवा! हा शब्द आमच्या आजीचा. भुईमूग निघाला की ती रानात मागं राहिलेल्या शेंगा वेचायची, ओच्यात घेऊन यायची, मातीसकट. तर शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम गाळा, तिला बोलू नका. इथं थांबा आणि पोरांना विचारा, मुद्दाम का गाळायची, सरळ पोतं का नाही दिलं? आमच्या संडेस्कूलात यावरून अर्धा तास भांडण झालं होतं.

पुढं रूथ बवाजशी लग्न करते आणि पुढं राजा झालेल्या दावीदाची पणजी होते. मग दावीद सांगायला मोकळ्या. गोफण माहेरी मिळेलच.

———

दादा,
आईला रूथ फार आवडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "शिका जरा."

ज्वारीवरची पाखरं हाकायची गोफण मामांनी माळ्यावरून काढून दिली. दावीदानं ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेतले आणि गल्याथ नावाच्या धिप्पाड योद्ध्याला एकातच लोळवलं. आमच्या चिरंजीवांनी पाचही वापरले. शेजारची दोन कौलं गेली, भरून देतोय.

गर्दीत येशूला बघायला बुटका जक्कय उंबरावर चढला, ते मात्र इथं सांगणार नाही. परसात उंबर आहे.