टीव्हीचा रंग लावायला निळा फिल्टर गोव्यात कुठे मिळेल?

बांदोडकार५५
५५ इंची एलईडी टीव्ही आहे, ब्लू-रे प्लेयर एचडीएमआयवर. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट लावून झाले. आता कलर (रंगाचा जोर) आणि टिंट (रंगाची छटा) लावायला कलर बार, म्हणजे रंगीत पट्ट्यांचं चित्र, निळ्या फिल्टरमधून बघायचे, पण स्टेशनरीच्या दुकानातला निळा कागद धरला तर हिरवी पट्टीसुद्धा चांगली उजळ दिसते. कोडॅकचा रॅटन ४७बी हा खास निळा फिल्टर महाग पडतो. फोंडा, मडगाव, पणजी या बाजूला दुसरं काय चालेल? लाल-हिरवा पण घ्यावा का?

पडद्यामागे
टीव्हीच्या दुकानात जाऊ नका, नाटकाच्या लाइटवाल्यांकडे जा. जत्रेची नाटकं आणि तियात्र यांना लाइट पुरवणारे पार कॅनपुढे (स्टेजच्या डबेवजा दिव्यापुढे) जे रंगीत जिलेटीन लावतात, तेच हवं. नाव तेवढं जिलेटीन, असतं पॉलिएस्टर. म्हणून पावसाळ्यात वाकत नाही. खरा रॅटन मात्र जिलेटीनचाच असतो, आपल्या दमट हवेत तो सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवावा लागतो.

ली कंपनीचा ११९ डार्क ब्लू किंवा १२० डीप ब्लू मागा. १८१ काँगो ब्लू हातात ठेवतील, तो घेऊ नका. इतका गडद आणि जांभळट की पट्ट्यांची तुलनाच करता येत नाही. अख्खा ताव लागत नाही, कापून उरलेली वीतभर पट्टी पुरते. पण कोरी घ्या. दिव्यापुढे वापरलेली मधोमध उडालेली असते: पांढऱ्या कागदावर ठेवली की मधला गोल फिका दिसतो.

सोळा_ते_२३५
नंबरावर जाऊ नका, फिल्टर तुमच्याच टीव्हीवर तपासा. पूर्ण हिरवा पडदा लावा, फिल्टर डोळ्याजवळ धरा. जवळजवळ काळा दिसला पाहिजे. मग लाल पडद्यावर तेच. उजेड येत असेल तर पट्टी दुमडून दोन थर करा. समजा एका थरातून हिरवा ५ टक्के आणि निळा ४० टक्के येतो. दोन थरांत हिरवा ०.२५ टक्के उरतो, निळा १६ टक्के. तीन थर केले तर निळाही फार मंद होतो.

हे एवढं का करायचं, तर गळका फिल्टर एकाच बाजूला फसवतो. करड्या पट्टीत हिरवाही असतो. तो फिल्टरमधून आला की करडी पट्टी निळीपेक्षा उजळ दिसते, आणि माणूस ती बरोबरी साधायला कलर वाढवत बसतो. शेवटी बातम्या देणाऱ्याचा चेहरा शिजलेल्या कुर्लीसारखा लाल.

फिल्टर पास झाला की खोलीत अंधार करा, पिक्चर मोड मूव्ही ठेवा, चित्र आपोआप बदलणारे डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि इको सेन्सर बंद. एसएमपीटीई बारमध्ये (नेहमीच्या प्रमाणित कलर बारमध्ये) डावीकडून करडी, पिवळी, निळसर-हिरवी, हिरवी, किरमिजी, लाल, निळी अशा सात पट्ट्या असतात. फिल्टरमधून पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवीच दिसतात. दोन टोकांच्या पट्ट्या कलरने सारख्या करायच्या. करडीत रंगच नसल्यामुळे कलर फिरवला तरी ती हलत नाही, म्हणून तीच मोजपट्टी. निळी जास्त उजळ असेल तर कलर कमी करा. मधल्या दोन टिंटने जुळवा. टिंट हलवला की कलर परत एकदा बघा, दोन्ही एकमेकांना ओढतात.

पॅटर्नसाठी एव्हीएस एचडी ७०९ हे चाचणीचित्रांचं पॅकेज फुकट मिळतं. ते डिस्कवर घालून त्याच ब्लू-रे प्लेयरमधून लावा. बहुतेक टीव्हींत प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं असतं. पेनड्राइव्हवर लावलेलं एचडीएमआयला लागू होईलच असं नाही.

बांदोडकार५५
११९चे दोन थर केले. हिरवा पडदा काळपट, अगदी काळा नाही. कलर ५०वर टोकं जुळली, पण टिंट मध्यावर असताना निळसर-हिरवी पट्टी किरमिजीपेक्षा किंचित उजळ दिसते. टिंट फिरवू?

सोळा_ते_२३५
थांबा. निळसर-हिरव्या पट्टीत हिरवा आहे, किरमिजीत नाही. तुमचा काळपट हिरवा तिथेच दिसतोय, टिंट चुकलेला नाही. एचडीएमआयवर टिंट सहसा मध्यावरच बरोबर असतो. तपासण्यापुरता अजून एक थर घालून बघा, फरक कमी झाला तर दोष फिल्टरचा. मेनूत आरजीबी ओन्ली मोड आहे का तेही शोधा, सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत एक्स्पर्ट सेटिंगमध्ये असतो. त्यात टीव्ही स्वतःच फक्त निळा दाखवतो, मग फिल्टरची भानगडच नाही.

पडद्यामागे
लाल-हिरव्याचं राहिलं. लीचा १०६ प्रायमरी रेड आणि १३९ प्रायमरी ग्रीन. लालमधून करडी, पिवळी, किरमिजी, लाल दिसतात. निळ्याने सगळं जुळलं आणि लालमधून लाल पट्टी करडीपेक्षा उजळ आली, तर टीव्ही लाल चढवून दाखवतोय. जुन्या संचांत हे फार. त्याला कलर एखाद-दोन घर खाली घेण्यापलीकडे साध्या मेनूत उपाय नाही. पांढऱ्याची छटा यांतल्या कुठल्याच फिल्टरने कळत नाही, त्यासाठी कलरिमीटर (रंग मोजायचं यंत्र) लागतो. तोवर कलर टोन वॉर्म २ ठेवा.