ग्लायकोलिक अ‍ॅसिड वर्षानुवर्षं लावलं तर कातडी पातळ होते का? (आज रात्रीपर्यंत सांगा)

केतकीपान
कॉलेज संपल्यापासून रोज रात्री चेहऱ्याला ग्लायकोलिक लावतेय. काल वहिनी म्हणाली, असंच चालू ठेवलंस तर चाळिशीत कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी होईल. खरं आहे का? नवी बाटली ऑफरमध्ये आहे, आज रात्री ऑफर संपतेय. हो की नाही एवढंच हवंय. उटणंवाल्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

चहाबाज
किती टक्के? टोनर, क्रीम की साल काढणारं पील? सकाळी सनस्क्रीन लावता का? काहीच न सांगता हो-नाही कसं सांगणार, पत्रिका बघून?

रानजाई
उटणं नको तर राहिलं. पण मसूर डाळीचं पीठ नि कच्चं दूध एकदा लावून बघ गं. आमच्या आजेसासूबाईंच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत सुरकुती नव्हती.

केतकीपान
रानजाई, 🙏
चहाबाज, ७ टक्के, टोनर. सनस्क्रीन बाहेर पडताना लावते. सध्या ठाण्यात धो धो पाऊस आहे, ऊन कुठे दिसतंय!

औषधी_भाऊ
ऊन दिसत नसलं तरी उन्हातले यूव्हीए किरण ढगांतून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात. तेव्हा सनस्क्रीन पावसातही हवंच.
आता मूळ प्रश्न. ग्लायकोलिकने पातळ होतो तो सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर, आणि तेच तर त्याचं काम. खालची जिवंत त्वचा पातळ होत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ग्लायकोलिक आणि त्याच्या जातीची २५ टक्क्यांची अ‍ॅसिडं सहा महिने हातावर लावली होती, तिथे त्वचेची जाडी उलट साधारण पाव पटीने वाढली. खरी भानगड उन्हाची. ही अ‍ॅसिडं लावलेली त्वचा उन्हाने लवकर भाजते, म्हणून २००५ पासून अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रक संस्थेने बाटलीवर तसा इशारा छापायला सांगितलंय. वापर थांबवला की आठवडाभरात हा फरक ओसरतो. अमेरिकेतल्याच सौंदर्यप्रसाधनांच्या एका तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये घरगुती वापराला १० टक्क्यांपर्यंत नि पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं अ‍ॅसिड तीव्र) ३.५ च्या खाली नको, अशी मर्यादा सुचवली होती, तीही उन्हापासून संरक्षण धरून. तुमचे ७ टक्के त्यात बसतात. पीएच बाटलीवर असेल तर बघा.

गुऱ्हाळकर
एवढं घाबरण्यासारखं काय आहे? हे उसातच असतं. आमच्याकडे कोल्हापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या रसात हात घालून लोक काम करतात, कुणाची कातडी गळाली नाही. बाटलीला पैसे घालण्यापेक्षा ताजा रस लावा.

चहाबाज
गुऱ्हाळकर, बाटलीतलं ग्लायकोलिक बहुतेक वेळा कारखान्यात रसायनांपासूनच बनतं. रस लावून झोपल्यास उशीवर मुंग्यांची रांग लागेल, ग्लो नाही.

गुऱ्हाळकर
शहरातल्या लोकांना ऊस फक्त रसवंतीवर माहीत.

नागपूरकरीण
मी तर म्हणते अ‍ॅसिडच्या वाटेला जाऊच नये. पार्लरमध्ये लग्नाआधी पील करून घेतलं होतं, वर एप्रिलचं ऊन. गालांवर काळे चट्टे आले ते पुढचा हिवाळा आला तरी गेले नव्हते. लग्नाच्या फोटोंत मेकअपचा थर दिसतो नुसता.

औषधी_भाऊ
ताई, पील २० ते ७० टक्क्यांचं असतं, वेळ मोजून लावतात आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जरा जास्त झालं की काळे डाग पडतातच. ते काम त्वचारोगतज्ज्ञाचं, पार्लरचं नाही. टोनरशी त्याची तुलना नको.

नागपूरकरीण
अ‍ॅसिड ते अ‍ॅसिडच. भोगलंय मी, तुम्ही नाही.

केतकीपान
अहो, भांडण वेगळ्या धाग्यावर करा ना. म्हणजे घेऊ बाटली? हल्ली तोंड धुतलं की चुरचुरतं आणि गालांवर बारीक लाल रेषा दिसायला लागल्यात, म्हणून वहिनीचं बोलणं मनाला लागलं, बाकी काही नाही.

चहाबाज
आणि हे आत्ता सांगताय! आणखी काय काय लावता चेहऱ्याला?

केतकीपान
विशेष काही नाही. मॉइश्चरायझर. आणि वांगाची ट्यूब, ती कधीपासूनच चालू आहे, कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिली होती. ते औषध आहे, त्याचा इथे काय संबंध?

औषधी_भाऊ
संबंध तिचाच असण्याची शक्यता जास्त. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही आहे का? ही स्टेरॉइडं. कातडी पातळ करणं, बारीक रक्तवाहिन्या लाल रेषांसारख्या दिसायला लागणं, हे त्यांचं काम. वहिनींनी नाव चुकीचं घेतलं, भीती बरोबर होती. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत ट्रेटिनॉइनही असतं, तेही कातडीची सालं काढणारं औषध. त्यावर रोज ग्लायकोलिक म्हणजे चुरचुरणारच.

केतकीपान
मोमेटासोन आहे. ट्रेटिनॉइन पण. पण ट्यूब सोडली की वांग दुप्पट होऊन परत येतो, अनुभव आहे. आजपासून बंद करू?

औषधी_भाऊ
टोनर आजपासून बंद. ट्यूब मात्र मनाने एकदम सोडू नका, लाली नि आग उसळते. कशी कमी करायची ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. जाताना ट्यूब सोबत न्या. तोवर साधा फेसवॉश, सेरामाइडचं (त्वचेतल्याच स्निग्ध घटकाचं) मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी काहीही नको, मसूर डाळसुद्धा.

रानजाई
डाळीने कुणाचं वाईट झालंय?

केतकीपान
अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळतेय. तोपर्यंत ऑफर गेली.

चहाबाज
ऑफर गणपतीत येते, दसऱ्याला येते, दिवाळीला तर येतेच.

सोनचाफा२
धागा वाचला. माझ्या मुलाची मान खूप काळी झालीये, घासून निघत नाही. त्याला हे ग्लायकोलिक चालेल का? किती टक्के घेऊ?

औषधी_भाऊ
वय किती? वजन? तिथली कातडी हाताला जाड, मखमली लागते का? तसं असेल तर तो मळ नसून साखर बिघडत असल्याची खूण असू शकते. बाटली नंतर, आधी रक्तातली साखर तपासून घ्या.