मदत हवी आहे: बारावी सांभाळून पार्टटाइम काम (नाशिक)

नमस्कार मंडळी,

बारावी कॉमर्सला आहे, वय १७. राहायला सिडकोत, कॉलेज सकाळचं, कॉलेज रोडला. साडेबाराला सुटतो. बाबा अंबडला कंपनीत आहेत, सध्या ओव्हरटाइम बंद आहे. बारावीनंतर सीए फाउंडेशन करायचंय आणि क्लासची सगळी फी त्यांच्याकडे मागायला जिवावर येतं.

बाबांच्या ओळखीचं मेन रोडला कापड दुकान आहे. संध्याकाळी ५ ते ९:३०, रविवारी पूर्ण दिवस, महिना ६,०००. दिवाळीपर्यंत सुट्टी नाही आणि दहावीची ओरिजिनल मार्कशीट जमा करायची, असं शेठ म्हणतात. दुसरं काम कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे: दुपारी १ ते ४, रविवार सोडून, महिना ३,५००. मित्र म्हणतो, भावाच्या नावाने आयडी काढ आणि डिलिव्हरी कर. आई म्हणते काहीच नको, फेब्रुवारीत बोर्ड आहे.

मला दुकानाचे पैसे खुणावतायत. रात्री दहाला घरी येऊन अकाउंट्सची गणितं होतात का? कोणी केलंय?

तिवंधा चौक:
मी केलंय, कापड दुकानातच. साडेनऊ हे फक्त सांगायला. शेवटचं गिऱ्हाईक उठलं तरी गादीवर साड्यांचा ढीग असतो. प्रत्येकीची घडी मूळ मोडीवर बसवून ती कपाटात जाईपर्यंत कोणी सोडत नाही. नवरात्रापासून तर वेळेचं विचारूच नकोस, आणि तुझी सहामाही नेमकी तेव्हाच. मार्कशीट कुणालाही देऊ नकोस, सख्ख्या काकाचं दुकान असलं तरी. झेरॉक्स दे.

कोर्टाची पायरी:
१८ च्या आतल्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामावर ठेवताच येत नाही. १९८६ चा कायदा आहे, २०१६ ला दुरुस्ती झाली. सलग तीन तास झाले की एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आठवड्याला एक सुट्टी. शेठच्या अटी यातल्या कशातच बसत नाहीत.

डिलिव्हरीचं डोक्यातून काढ. अल्पवयीन मुलगा विनापरवाना गाडीवर सापडला तर पालकांना २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याच्या आयडीवर अपघात झाला तर भाऊही अडकेल.

इंदिरानगरची ताई:
अरे कॉमर्सवाल्या, हिशेब तरी कर! दुकानात महिन्याचे दीडशे तास भरतात, म्हणजे तासाला चाळीसच्या आसपास, वर मेन रोडला जाण्या-येण्याचा वेळ. झेरॉक्सवाला तासाला पंचेचाळीस देतोय, तेही कॉलेजच्या दारात.

मी बारावीत सोसायटीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांचा गृहपाठ घ्यायचे. चार मुलं, प्रत्येकी ७०० धर, आठवड्यातून पाच दिवस एकेक तास. तासाला सव्वाशेच्या वर जातं. फी महिन्याच्या सुरुवातीलाच घे, नंतर "पुढच्या महिन्यात एकदम देतो" ऐकावं लागतं. आणि मुलाच्या आईला आधीच सांग की जानेवारीपासून शिकवणी बंद. मुलं खोड्या काढतात, पण स्वतःचं गणित पक्कं होतं.

पुढे पदवीला गेलास की पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजना असते, ती बघ. ज्युनिअर कॉलेजला ती मिळत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. भागाकार मी केलाच नव्हता. झेरॉक्सवाले काका प्रिलिमपासून सोडायला तयार आहेत, त्यांच्याकडे लागतोय. खाली पार्किंगमध्ये 'गृहपाठ घेतला जाईल' अशी चिठ्ठीही लावली, एका काकूंनी लगेच विचारलं. आता शेठना नाही कसं म्हणायचं? बाबांचे जुने मित्र आहेत.

तिवंधा चौक:
तू फोन करू नकोस, बाबांनाच बोलू दे. "पोराची बारावी आहे" एवढं म्हटलं की नाशकात कोणी पुढे विचारत नाही.