धाप वाढली की लगेच अँटिबायोटिक?
सांगलीच्या आजोबांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, धाप वाढली की जुन्या चिठ्ठीवरच मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणतो, चालेल का, असं वर विचारलंय. कृपया असं करू नका. धापेचा असा अटॅक बऱ्याचदा व्हायरसनं येतो, तिथं ही गोळी काही करत नाही.

आधी बेडका बघा. आईची फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेलीत, तिचा बेडका आम्ही पांढऱ्या कागदावर घेऊन उजेडात बघतो. पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, शिवाय तो वाढला किंवा धाप वाढली, तर अँटिबायोटिकचा खरा उपयोग. तोही डॉक्टरांनी ठरवलेला, बहुधा 5 दिवसांचा कोर्स. आजोबांना हृदयाच्या गोळ्या असतील तर आवर्जून सांगा, अझिथ्रोनं ठोके बिघडू शकतात.

ओठ निळे पडले किंवा एक वाक्यही पुरं बोलवेना, तर थेट सिव्हिल गाठा.