हिमाचलला जाऊन बर्फच बघायचा का? कांगडा-चंब्याची देवळं आणि किल्ले कोणी बघायचे?

रावीकाठ

मे महिना जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हिमाचलच्या टूरचे तक्ते फिरायला लागतात. साचा एकच. सिमला, कुफ्री, मनाली, सोलंग, एक दिवस रोहतांग नाहीतर अटल बोगद्यापलीकडे सिस्सू, आणि जेवायला वरण-भात. जेवणाबद्दल तक्रार नाही. पण एवढा खर्च करून, घोड्याच्या लिदीतून कुफ्रीला वर चढून भाड्याच्या गमबुटात फोटो काढायचे आणि परत यायचं, यात काय मिळतं ते मला कोणीतरी समजवा.

माझं म्हणणं सरळ आहे: पहिल्यांदा हिमाचलला जाणाऱ्यानेसुद्धा मनाली सोडावी आणि कांगडा-चंबा करावं.

मसरूर घ्या. आठव्या शतकातलं, एकाच वालुकाश्माच्या टेकडीतून कोरलेलं मंदिरांचं संकुल. समोर तळं आणि पलीकडे हिमालयातली धौलाधारची डोंगररांग. काम पूर्ण झालंच नाही आणि १९०५च्या भूकंपाने बरंच पाडलं, तरी उरलंय ते बघत राहावं असं आहे. कांगड्याचा किल्ला कटोच राजांचा. गझनीच्या महमुदाने १००९ साली तो लुटला, १६२० साली जहांगीराच्या फौजेने घेतला. पुढे राजा संसारचंदाने परत मिळवला आणि त्याच्याच आश्रयाने कांगडा शैलीची चित्रं बहरली. मग गोरख्यांनी वेढा घातला, राजाने रणजितसिंहाची मदत मागितली आणि त्या मदतीची किंमत म्हणून १८०९ मध्ये किल्लाच द्यावा लागला. आपल्याकडे राघोबादादांची गोष्ट पाठ असलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. तिथल्या दरवाजांची नावंच बघा, एक जहांगिरी दरवाजा आणि एक रणजितसिंह दरवाजा. ज्याने घेतला त्याचं नाव लागलं.

आणि भरमौर! चंब्याच्या राजांची जुनी राजधानी. तिथलं लक्षणादेवीचं देऊळ बाहेरून कोकणातल्या एखाद्या साध्या उतरत्या छपराच्या घरासारखं दिसतं. जवळ गेलं की लाकडी दर्शनी भागावरचं कोरीवकाम दिसतं, आणि आत पितळेची महिषासुरमर्दिनी. मेरुवर्मन राजाने ती घडवून घेतली आणि घडवणाऱ्या कारागिराचं नाव लेखात कोरलंय: गुग्गा. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत आहे, असं किती मूर्तींबाबत म्हणता येईल?

एवढं सगळं असताना मॉल रोडवर मक्याचं कणीस खात का फिरायचं?

शिवडी_ते_शीव

कणीस चांगलं असतं, म्हणून.

चौथीसीट

रावीकाठ, तुमचं वाचन दांडगं आहे, पण एक साधी गोष्ट तुम्ही विसरताय. मुंबईतला माणूस मे महिन्यात हिमाचलला जातो तो थंडीसाठी जातो. चंबा शहर समुद्रसपाटीपासून साधारण १००० मीटरवर आहे. महाबळेश्वर त्याहून उंच. कांगडा तर माथेरानपेक्षाही थोडं खालीच. मे महिन्यात दोन्हीकडे पंखा लावून बसावं लागतं. घामच गाळायचा तर घरी काय कमी आहे?

आणि मसरूरचं म्हणाल तर एका दगडातलं देऊळ बघायला थेट पठाणकोटपलीकडे कशाला जायचं? वेरूळचं कैलास त्याच शतकातलं, त्याहून कितीतरी मोठं आणि पुरं झालेलं. तेही लांब वाटत असेल तर अंबरनाथला उतरा. शिलाहारांचं शिवमंदिर, शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. मध्य रेल्वेचं रिटर्न तिकीट काढलं की झालं. या धाग्यावर हो-हो म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिलंय? घारापुरी तरी? मुंबईच्या शाळेतली पोरं कान्हेरीला सहलीला जातात ती माकडांना घाबरून परत येतात, तेवढाच आपला वारसा.

राजेरजवाड्यांचं म्हणाल तर २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. खांदेरी तर अलिबागच्या थळसमोर, आपल्या दारात. ते आधी संपवा, मग संसारचंदाकडे वळू.

रावीकाठ

हा "आधी घरचं बघा" युक्तिवाद मला कधीच पटला नाही. मनालीला निघालेल्याला कोणी विचारत नाही की आधी अंबरनाथ केलंस का. देवळं बघायला निघालेल्यालाच हा दाखला का मागायचा?

आणि वेरूळ पाहिलेल्यानेच मसरूरला जावं. वेरूळचं शिखर द्राविड म्हणजे दक्षिणेकडच्या पद्धतीचं, मसरूरची शिखरं नागर म्हणजे उत्तरेकडची. डोंगर कोरून नागर शिखरं काढलेली फार थोड्या ठिकाणी दिसतात. कैलास डोळ्यांत असेल तर मसरूर दुप्पट कळतं.

उन्हाचा मुद्दा मान्य. पण मुक्काम डलहौसीला किंवा मॅकलोडगंजला ठेवायला कोणी अडवलंय? थंडीही मिळेल आणि दिवसा खाली उतरून देवळंही होतील.

मुलुंडची_माई

मला दोन्ही बाजूंचा थोडा राग येतोय. तुम्ही सगळे पुरुष एकटे फिरता की काय? माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, गुडघे दुखतात, आणि देवदर्शन म्हटलं की सगळ्यात पुढे त्याच. आम्ही कांगडा-चंबा केलंय, तर प्रत्यक्ष काय होतं ते सांगते.

कांगड्याच्या किल्ल्यात दरवाज्यामागून दरवाजे आणि मध्ये सगळी चढण. त्या अर्ध्यावर बसल्या. आत अंबिकादेवीचं देऊळ आहे, तिथपर्यंत काही आल्या नाहीत आणि अजून ऐकवतात. बैजनाथला मात्र गाडी जवळ जाते. ते देऊळ १२०४ सालचं, मन्युक आणि आहुक या दोन व्यापारी भावांनी बांधलेलं. रावणाने तिथे शंकराची आराधना केली असं मानतात म्हणून गावात दसऱ्याला रावण जाळत नाहीत, हे ऐकून सासूबाई इतक्या रमल्या की पुजाऱ्याला तासभर सोडलं नाही. चंब्यात लक्ष्मीनारायणाची देवळं ओळीने एकाच आवारात आहेत, त्यामुळे तेही सोपं. शिखरांवर बर्फ-पावसासाठी लाकडी छत्र्या बसवल्यात, त्या नातवाने बरोब्बर हेरल्या. भूरीसिंह संग्रहालयात तर तोच आम्हाला बाहेर येऊ देईना.

भरमौर आम्ही सोडलं. चंब्यापासून साठेक किलोमीटर, पण रस्ता एका बाजूला कडा आणि एका बाजूला रावी. सासूबाईंना घेऊन माझी हिंमत झाली नाही. तेव्हा "कांगडा-चंबा करा" एवढं म्हणून चालत नाही हो. कोणाला घेऊन करताय तेही लिहा.

काठकुणी

मनालीला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा नग्गरला जाऊन यावं. मनालीहून तासाभराच्या आत. कुल्लूच्या राजांची ती जुनी राजधानी. तिथला वाडा देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे थरावर थर रचून बांधलाय, चुन्याविना. या पद्धतीला तिकडे काठकुणी म्हणतात. भूकंपात लाकूड थोडं हलतं, भिंत डुलते आणि पुन्हा बसते. १९०५ साली कांगड्याचा दगडी किल्ला आणि वज्रेश्वरीचं देऊळ कोसळलं, नग्गरचा वाडा मात्र उभा राहिला. मनालीतलं हिडिंबेचं देऊळही १५५३ सालचं, लाकडी छपरांचं. त्या देवळाच्या अंगणात याकवर बसून फोटो काढणारी माणसं मान वर करून छपराकडे बघत नाहीत, हा दोष मनालीचा नाही.

म्हणजे मुद्दा मनाली की चंबा असा नाहीच, रावीकाठ. माणूस बघतो काय, हा आहे.

रावीकाठ

नग्गर मस्तच. पण टूरच्या तक्त्यात नग्गर "वेळ मिळाल्यास" असतं, आणि तो वेळ शालीच्या दुकानात जातो.

चौथीसीट

शालीच्या दुकानाबद्दल प्रथमच तुमच्याशी सहमत.

धारकरी_नव्हे

मी विरोधात आहे, पण वेगळ्या कारणाने. ही ठिकाणं सुचवणंच थांबवा. भरमौरचं चौरासी मंदिर हे तिथल्या गद्दी या मेंढपाळ लोकांचं जागतं देवस्थान आहे, ऑगस्ट-सप्टेंबरात मणिमहेश या डोंगरातल्या पवित्र तळ्याची यात्रा तिथूनच वर जाते. २०२५च्या ऑगस्टमध्ये पावसाने रस्ते तुटले आणि हजारो यात्रेकरू अडकून पडले. तेवढ्याच रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या टूरच्या बसगाड्या सोडल्या तर काय होईल? मनालीचं जे झालं तेच चंब्याचं करायचंय का? गर्दी एका जागी असते ते बरं असतं कधीकधी.

मुलुंडची_माई

अहो, पण चंब्यात भरतकामाचे रुमाल करणाऱ्या बायकांकडे गिऱ्हाईक नको का यायला? आम्ही एक घेतला. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं भरतकाम, महाग होता, पण त्या बाई केवढ्या खूश झाल्या. गर्दी नको हे आपण बाहेरून म्हणायचं, त्यांनी म्हटलं तर गोष्ट वेगळी.

धारकरी_नव्हे

तुमच्यासारखे चौघे गेले तर कोण नको म्हणतंय, माई. चाळीस सीटरला माझा विरोध आहे.

काठकुणी

मग मे सोडून दिवाळीच्या सुट्टीत जा. पाऊस सरलेला असतो, धौलाधार स्वच्छ दिसते, कांगड्यात ऊनही सोसतं. बांद्रा टर्मिनसहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्स्प्रेस पठाणकोट कॅन्टोन्मेंटला थांबते. तिथून पुढे गाडी करा. कांगडा खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेवर विसंबू नका. २०२२ मध्ये चक्की नदीवरचा पूल वाहून गेला होता, तेव्हा ती कुठून कुठपर्यंत धावते ते आधी विचारून घ्या. भरमौर मात्र त्या दिवसांत कडक थंड, वयस्कर मंडळींना नेऊ नका.

चौथीसीट

दिवाळीत म्हणजे मॅकलोडगंजला हातात बर्फ नाही, लांबून डोंगरावर दिसेल तेवढाच. मला चालेल. पण घरी दोन मुलं वर्षभर बर्फ-बर्फ करतायत. गुग्गा कारागिराचं नाव सांगून त्यांची समजूत कशी काढायची, तेवढं रावीकाठ यांनी लिहून द्यावं. मी तिकिटं काढतो.